पॅनल अकराला जॉइन होणार

चहा घ्या, गार होतोय. फक्त मी सांगत असताना घोट तोंडात धरून ठेवू नका. मागच्या वेळेस हाच किस्सा सांगताना एका पाव्हण्याच्या नाकातून चहा आलता.

तुमी म्हणाल, नाना, तुमी एवढ्या इलेक्शनी लढवल्या, सोसायटीच्या, ग्रामपंचायतीच्या, कधी तोंडावर आपटलात का? आपटलो की! पण ते राजकारण झालं, त्याला फजिती म्हणत न्हाईत. माझी खरी फजिती झाली ती माझ्याच दुकानाच्या माडीवर, माझ्याच पुतणीच्या मुलाखतीत. अन् मुलाखत बी कसली? कंप्युटरच्या कंपनीची! जिथं मला उभं राहायचं न्हाई, कोणाला पाडायचं न्हाई, तिथं जाऊन मी पडलो. बोला!

आता माझा स्वभाव तुमाला ठाऊक हाय. मला सगळं कळलं पाहिजे. गल्लीत कोणाच्या घरी फ्रिज उतरला तर कोणत्या रंगाचा, किती दारांचा, हे कळल्याबिगर मला भाकर गोड लागत न्हाई. पण विचारायचं म्हणलं की जिभेला कुलूप! नेकनूरचा पॅनलवाला सर्जेराव नाना, अन् लोकांना विचारत फिरू, "बाबा, ह्याचा अर्थ काय?" छ्या! मी आपला कान लावतो, नजर ठेवतो अन् बाकीचं डोक्यानं जुळवतो.

त्या जुळवण्यानंच घात केला.

शिवानी म्हणजे आमच्या दादाची पोरगी. बीडला राहून इंजिनियर झाली अन् नोकरी शोधत घरी बसली. एक-दोन कंपन्यांत अगदी शेवटपर्यंत गेली अन् तिथून माघारी आली. दादा म्हणला, "माय, दिवाळीपर्यंत बग. न्हाई जमलं तर बँकेच्या परीक्षेला बस." पोरीचं तोंड एवढंसं झालं. बँक वाईट न्हाई हो, पण हिला त्या कंप्युटरच्या आत काय चालतंय ह्याचंच येड. माझ्यावर गेलीय. फरक एवढाच की ती विचारते.

त्यात पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं. ते बी घरबसल्या, लॅपटॉपवर. दादाचं घर शेतात, तिथं रेंज पाहिजे असली तर शेवग्याच्या झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतंय. माझ्या खत-बियाण्याच्या दुकानात वायरीचं इंटरनेट. म्हणून ठरलं, सगळ्या मुलाखती माझ्या माडीवर. खाली युरिया, वर इंजिनियर!

शिवानीनं पयल्याच दिवशी बजावलं, "नाना, मी वर असताना कोणी यायचं न्हाई. तुमी बी न्हाई."

"मी कशाला येतोय? मला काय कामं न्हाईत का?" असं म्हणलं अन् जाऊन जिन्यात बसलो.

ऐकतो तर काय! पोरगी एकटीच बडबडतेय. "आता मी हे इथून तिथं नेते… न्हाई, हे चुकलं… परत मागं येते… इथं मी अडकलेय, जरा विचार करते…" म्हणलं, अभ्यासानं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला! अन् मधीच झाडाचं काहीतरी काढलं. झाडाचं मूळ म्हणं वर, फांद्या खाली अन् झाडाला पिल्लं! उभा जन्म खतं विकण्यात गेला माझा, असलं झाड बगितलं न्हाई. कोणत्या कंपनीचं बियाणं असंल हे?

जेवताना मी हळूच खडा टाकला, "आजकाल एकट्यानं बोलायची लई फॅशन आलीय म्हणं."

ती हसली. "ऐकत होता ना, नाना? आवो, तिथं नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत न्हाई. डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोलत बोलत लिहावं लागतंय. अडकलं तर अडकलं म्हणून सांगायचं. त्यांना आपला विचार बगायचा असतोय. अन् तुमी ऐकलं ते उलटं झाड म्हणजे कंप्युटरात माहिती मांडायची रीत हाय."

अडकलं तर अडकलं म्हणायचं? भर मुलाखतीत? आमच्याकडं सभेत भाषण करताना माणूस अडकला की घोषणा देतो!

दुसऱ्या राउंडला मी जिन्याची एक पायरी वर सरकलो. तिथं तिला विचारलं, समजा, तुमच्या दुकानात एकाच टायमाला लाखभर गिऱ्हाईक घुसलं, तर काय करशील? मी तिथंच पुटपुटलो, "शटर पाडीन." पेरणीच्या दिवसांत बियाण्याला लाइन लागली की मी तेच करतो. पण शिवानीनं एकाची दोन दुकानं केली, दोनाची चार केली, गिऱ्हाईक वाटून दिलं, काय अन् काय! साहेब खूश. मला बी लई मजा वाटायला लागलती. पेरणीच्या टायमाला करून बगावं असं मनात आलं, खरं सांगतो.

अन् मंग आला तो फोन.

दुकानात माझ्यासमोरच आला. शिवानीनं स्पीकरवर टाकला, कारण तिला हातानं लिहून घ्यायचं होतं. पलीकडून कंपनीची बाई बोलत होती, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मी पोत्यांवर हात फिरवत कान टवकारले.

"शिवानी, तू स्ट्राँग कॅन्डिडेट आहेस. उद्या फक्त पॅनल राहिलंय. पॅनल अकराला जॉइन होईल. नंतर पॅनलमधले सगळे व्होट करतील, की आम्ही तुला कळवतो."

माझे तर डोळेच चमकले. कॅन्डिडेट! पॅनल! जॉइन! व्होट! अरे, मी उगंच जिन्यात बसून राहिलो. ही मुलाखत कुठं हाय? ही तर इलेक्शन हाय!

आता आमच्याकडं पॅनल म्हणजे काय, हे शेंबडं पोरगं बी सांगंल. इलेक्शनीला एकत्र उभी राहिलेली अख्खी फळी, एक निशाणी, एक पॅनलप्रमुख. अन् पॅनल जॉइन होणार म्हणजे? म्हणजे सगळेच्या सगळे समोरची बाजू सोडून आपल्यात येणार! अशा वेळेस काय लागतंय? हार, शाल, नारळ अन् घोषणा. पोरीला ह्यातलं काय ठाऊक? तिनं आपलं उलट्या झाडांचा अभ्यास केला. हे खातं माझं!

तडक शेजारी रफिकभाईकडं गेलो. रफिकभाईचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार आणून टाका, दोन दिवसांत तारा भरून देतो. प्रचाराचा भोंगा बी त्याचाच. माझ्या हरेक इलेक्शनीत त्याचा आवाज अन् माझं नाव.

"रफिकभाई, उद्या अकराला शिवानीकडं अख्खं पॅनल जॉइन होतंय."

तो तारा गुंडाळायचा थांबला. "कंपनीत कसलं पॅनल, नाना?"

"कंपनी मोठी हाय. मोठ्या ठिकाणी पॅनल असणारच."

"अन् येणार कशात? गाड्या कुठं लावायच्या?"

"लॅपटॉपवर येणार. तेवढं मला बी कळतंय, येडा समजतो का बे? पण सत्कार तो सत्कार. कॅमेऱ्यासमोर करू."

"नाना, पोरीला एकदा विचारून तर घ्या."

"तिचा अभ्यास मोडू का? तू भोंगा खिडकीखाली लाव. मी 'चला' म्हणलं की घोषणा चालू."

रफिकभाईनं मान हलवली. ती हो म्हणून हलवली का कपाळ म्हणून, ते मी बगितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरून झेंडूचा हार आणला. चांगला जाडजूड. दुकानामागच्या घरात बायकोनं नारायणगडाकडं तोंड करून हात जोडले अन् शिवानीला दही-साखर दिली. पोरगी इस्त्रीचा ड्रेस घालून वर गेली अन् दार लोटून घेतलं. मी मागून गेलो अन् दाराला बोटभर फट केली.

लॅपटॉपवर पाच चौकोन अन् पाचांत पाच माणसं. मी एकेक चौकोन बगायला लागलो अन् चाटच पडलो. एक साहेब समुद्राच्या काठावर! मागं नारळाची झाडं! दुसरा बर्फाच्या डोंगरावर, अन् अंगात साधा शर्ट! तिसऱ्याच्या मागं नुसती पुस्तकंच पुस्तकं.

माझ्या लगेच ध्यानात आलं. चेअरमन निवडायच्या आधी सदस्य फुटू नयेत म्हणून आपण त्यांना सहलीला नेऊन ठेवतो का न्हाई? तसंच हे! अन् ह्यांनी तर कमालच केली, प्रत्येकाला वेगळ्या गावाला ठेवलंय! एकाला उचलला तरी दुसऱ्याचा पत्ता लागू नये. मनात म्हणलं, शाबास! ह्या पॅनलचा प्रमुख कोण हाय त्याला एकदा भेटलं पाहिजे.

चौथ्या चौकोनात एक मॅडम होत्या. त्यांनी कप उचलून तोंडाला लावला.

कप! आमची निशाणी कपबशी! आवो, आपलंच पॅनल निघालं!

आता सगळं बोलणं इंग्रजीत चाललेलं. मला मधले मधले शब्द लागत होते. शिवानी चांगली धडाधड बोलत होती. तेवढ्यात समुद्रावरच्या साहेबानं विचारलं, "…ओनरशिप…?" अन् पोरगी गप्प झाली. एक क्षण गेला, दोन गेले. ओनरशिप म्हणजे मालकी! अरे, पोरीला मालकी कशी ठाऊक असणार? तिनं कधी सातबारा बगितलाय का? इथं माझी पुतणी अडकलेली अन् मी फटीत उभा! राहवलं न्हाई. दार ढकललं अन् मोठ्यानं सांगितलं,

"सामायिक हाय, साहेब! दादाच्या अन् माझ्या नावावर! कसला वाद न्हाई, सातबारा कोरा हाय!"

शिवानीनं मान वळवून माझ्याकडं बगितलं. तो चेहरा मी जन्मात विसरायचो न्हाई. नंतर कळलं, साहेबानं कामाची जबाबदारी अंगावर घेण्याबद्दल विचारलं होतं अन् ती अडकली नव्हती. ती विचार करत होती.

पण आता उघडा पडलोच होतो. म्हणलं, आलोच हाय तर कार्यक्रम उरकून घ्यावा. "या, या, स्वागत हाय!" म्हणत पुढं झालो अन् झेंडूचा हार लॅपटॉपला घातला. अन् खिडकीकडं तोंड करून ओरडलो, "चला!"

खाली रफिकभाईनं बटण दाबलं. त्याला वाटलं, तोंडानं घोषणा देण्यापेक्षा पेन ड्राइव्ह लावावा. पेन ड्राइव्ह होता मागच्या इलेक्शनीचा.

"कपबशीऽऽ! कपबशीऽऽ! येत्या रविवारी कपबशीसमोरचं बटण दाबून, आपले लाडके उमेदवार सर्जेराव नाना यांना प्रचंड मतांनी विजयी कराऽऽ!"

सांगा आता! पोरीची मुलाखत अन् प्रचार माझा!

आवाज ऐकून बायको वर पळत आली. दारात थांबली. लॅपटॉपवर ओळीनं चेहरे अन् वरून झेंडूचा हार. तिनं कपाळावर हात मारला. "आवो, काढा तो हार! फोटोला हार घातलाय का? जित्ती माणसं हायत ती!"

मी बगितलं, अन् खरंच की हो! पाच जणांची एकदम श्रद्धांजली सभा दिसत होती. समुद्रावरच्या साहेबाच्या तोंडावर झेंडू लोंबत होता. पयल्यांदा माझ्या डोक्यात आलं, नाना, कायतरी चुकलंय.

अन् शिवानी? मला वाटलं, आता ही रडंल न्हाईतर मला जिन्यावरून ढकलून देईल. दोन्ही न्हाई. तिनं उठून हार काढला, नीट खुर्चीवर ठेवला. पॅनलला इंग्रजीत एक मिनिट मागितलं. अन् माझ्याकडं वळून एकदम सरळ आवाजात विचारलं, "नाना, तुमाला काय वाटलं ते सांगा."

मी सांगितलं. "पॅनल जॉइन होणार म्हणले… व्होट म्हणले… सदस्य बी सहलीवर दिसले…"

तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसली न्हाई. "नाना, पॅनल म्हणजे फक्त मुलाखत घेणारी माणसं. जॉइन होणं म्हणजे ह्या कॉलवर येणं. मागचा समुद्र नुसतं चित्र हाय, सगळे घरीच बसलेत. इलेक्शन न्हाई. आता माझं एक काम करा. रफिकचाचाला भोंगा बंद करायला सांगा अन् तुमी खाली इन्व्हर्टरपाशी थांबा. लाइट गेली अन् तो चालू झाला न्हाई तर माझी मुलाखत जाईल. हे तुमच्याबिगर कोणाला जमायचं न्हाई."

काम सांगितल्यावर मी लगेच वळलो. तेवढ्यात लॅपटॉपमधून कोणीतरी खदाखदा हसलं. कपवाल्या मॅडम! डोळे पुसत पुसत मराठीत म्हणल्या, "नाना, थांबा. मी परळीची. थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेय. आमच्याकडं बी पॅनल म्हणजे हेच! निशाणी कपबशी का?" अन् त्यांनी कप वर करून दाखवला.

हसावं का जमीन दुभंगून आत जावं, तेच मला कळंना.

खाली इन्व्हर्टरपाशी पोत्यावर बसलो. रफिकभाई बी येऊन बसला. खरं सांगतो, माझ्या डोळ्याला पाणी आलं. पोरीनं एवढे दिवस जीव काढला, अन् मी एका हारात सगळं पाण्यात घातलं. दादाला कोणत्या तोंडानं सांगू? बँकेच्या परीक्षेला हिला बसवायचं पाप माझ्याच माथी आलं. लाइट काही गेली न्हाई. निदान ती तरी जायची होती, म्हणजे माझा कायतरी उपयोग झाला असता.

शिवानी खाली आली. मी म्हणलं, "माय, घालवलं ना मी?"

"ठाऊक न्हाई, नाना," ती म्हणली, अन् लॅपटॉप घेऊन घरी निघून गेली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचे काही दिवस मी दुकानात कोणाला 'रामराम' बी नीट घातला न्हाई. गल्लीत एकाच्या घरी नवी वॉशिंग मशिन उतरली, मी मान वर करून बगितलं न्हाई. बायको घाबरली, म्हणली, "दवाखान्यात जाऊ का?"

अन् एका दुपारी शिवानी धावत दुकानात आली. फोन स्पीकरवर. परळीच्या मॅडम बोलत होत्या.

"शिवानी, सगळ्यांनी तुलाच व्होट दिलं! आमचा पुढचा प्रश्न काय होता माहिताय? डिफिकल्ट स्टेकहोल्डरला कसं हॅण्डल करशील? आम्ही विचारायच्या आधीच तू करून दाखवलंस. न चिडता विचारलंस, दोन वाक्यांत समजावलंस अन् काम दिलंस. नाना आहेत का तिथं? नाना, आमच्या कंपनीचे डिफिकल्ट स्टेकहोल्डर तुम्हीच!"

शिवानी हसत होती, रडत होती, माझ्या पाया पडत होती. मी तिला उचलून धरली. रफिकभाईनं आनंदात भोंगा लावला, परत कपबशी! ह्या सगळ्या गोंधळात त्या शब्दाचा अर्थ विचारायचा राहिला.

राहिला कसला! विचारलाच न्हाई. मॅडम तेवढ्या भरभर बोलल्या, त्यातलं मला एवढंच नीट लागलं की कंपनीनं मला काहीतरी केलंय. बाकीचं डोक्यानं जुळवलं. शेअर होल्डर म्हणजे भागधारक, तो मी साखर कारखान्याचा हायच. म्हणजे स्टेकहोल्डर त्याच्या वरची पायरी असणार. अन् डिफिकल्ट? अवघड! म्हणजे सहजासहजी न मिळणारं पद. सत्कार वाया गेला न्हाई म्हणायचा!

मंग काय, फ्लेक्स तर लावावाच लागतोय. नेकनूरच्या स्टँडवर, येणाऱ्या-जाणाऱ्या हरेक एसटीतून दिसंल असा. कोपऱ्यात शिवानीचा फोटो, मधी फेटा बांधून मी. 'कु. शिवानी हिची पुण्याच्या नामांकित कंपनीत इंजिनियर म्हणून निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: मा. सर्जेराव नाना, डिफिकल्ट स्टेकहोल्डर.'

लोक थांबून वाचायचे. "नाना, नवीन पद का?" विचारायचे. मी नुसती मान डोलवायचो. एक-दोघांनी तर हार बी घातला.

शिवानी पुण्याला निघाली त्या दिवशी दुकानात गर्दी होती, म्हणून दादा तिला एसटीत बसवायला गेला. गाडी हलली असंल नसंल, तिचा फोन आला. मी कौतुकानं स्पीकरवर टाकला. बायको होती शेजारी.

"नाना… तो स्टँडवरचा फ्लेक्स…"

"दिसला ना? कसा झालाय?"

एसटीच्या खडखडाटात ती म्हणली, "नाना, तुमी मला विचारलं कावून न्हाई? स्टेकहोल्डर म्हणजे आपल्या कामाशी ज्याचा संबंध येतो असा माणूस. अन् डिफिकल्ट म्हणजे… जो त्या कामात तरास देतो, तो."

"म्हणजे?"

"म्हणजे नाना, लई अवघड माणूस."

अन् एवढा वेळ दाबून धरलेलं हसू तिला आवरंना. फोनमधून एसटीचा आवाज ऐकू येईना, एवढी हसली.

मी तसाच चप्पल पायात सरकवून निघालो. रफिकभाईला हाक मारली, "शिडी काढ! फ्लेक्स उतरवायचाय!"

बायकोनं हात धरून खाली बसवलं. "राहू द्या हो," ती म्हणली. "इतक्या इलेक्शनी झाल्या, तुमच्या फ्लेक्सवर पयल्यांदाच कायतरी खरं छापलंय."